कासव पाला खात नाही? आधी त्याचे डोळे बघा

गेल्या जानेवारीतली गोष्ट. विहारात रविवारचा आरोग्य-तपासणीचा कार्यक्रम आटोपला होता. बीपीचे यंत्र पिशवीत टाकले, सतरंजी गुंडाळायला घेतली, तेवढ्यात पाचवीत शिकणारी एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकचा डबा आणि डब्यात चहाच्या बशीपेक्षा लहान एक कासव.

"ताई, हे भाजी खातच नाही. नुसती सुकट खातं. आणि आता दोन दिवस झाले, डोळेच उघडत नाही."

मागून तिची आजी म्हणाली, "बाई, इथं माणसाला डॉक्टर मिळंना अन् ही कासवाला घेऊन आली. तिला सांगा घरी जायला."

मी माणसांची नर्स. जनावरांचे शिक्षण माझे नाही. पण ते सुजलेले डोळे पाहिले आणि नर्सिंगच्या वर्गात पाठ केलेला एक धडा आठवला. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या मायलेकींबरोबर मीही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे जे समजले आणि पुढचे दोन महिने त्या घरात जे पाहिले, ते या पानावर लिहिते आहे. आपल्या वस्तीत अशी कासवे बऱ्याच घरांत आहेत. कोणी वाढदिवसाला मुलाला आणून दिलेले असते, कोणी "घरात कासव असले की पैसा टिकतो" म्हणून आणलेले असते. पैसा टिकतो की नाही ते ज्याचे त्याने पासबुक उघडून पाहावे. कासव मात्र टिकायला हवे, आणि त्याच्यामुळे घरातली लेकरे आजारी पडायला नकोत.

पहिल्यांदा आपल्याकडे कोणते कासव आहे ते ओळखा. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारे, हिरव्या पाठीचे, डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा असलेले कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. ते मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. या लेखात जे सांगते आहे ते याच कासवाबद्दल. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले जमिनीवरचे कासव किंवा आपल्या नदी-तळ्यात सापडणारी कासवे घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. "वीस नखांचे कासव द्या, लाखो रुपये देतो" असे सांगत फिरणाऱ्या भोंदू लोकांच्या नादी लागून गरिबांची पोरे तुरुंगात जातात. असे देशी कासव कोणाच्या घरी असेल, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करून विचारा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. कासव भाजी का खात नाही?

एक कारण त्याच्या वयात आहे. स्लायडर लहान असताना जास्त करून किडे, अळ्या, बारीक मासे खातो. वाढत्या अंगाला प्रथिने लागतात. मोठा होत जातो तसा तो पाणवनस्पती आणि पाल्याकडे वळतो. तेव्हा दोन इंची पिल्लाने मेथीकडे पाठ फिरवली, तर तो हट्टीपणा नव्हे. पण पिल्लालाही थोडा पाला लागतो, आणि ती सवय त्याच वयात लागलेली बरी.

दुसरे कारण आपण स्वतः तयार करतो. दुकानदार कासवाबरोबर सुक्या कोळंबीची डबी देतो. ती संपली की घरातली सुकट किंवा जवळा सुरू होतो. वास दांडगा, चव दांडगी. ज्या पोराला रोज कुरकुरे मिळतात ते भाजीला हात लावत नाही, तसेच हे. कासवाला तर हिरवे पान हे खायचे असते हेच ठाऊक नसते. त्याने ते कधी पाहिलेलेच नसते.

तिसरे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे थंडी. कासवाचे अंग आपल्यासारखे आतून गरम राहत नाही. जितके पाणी गरम तितके ते गरम. पाणी साधारण 24 ते 28 अंशांच्या आसपास असेल तर त्याला भूक लागते आणि खाल्लेले पचते. नाशिक, पुणे, नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत फरशीवर ठेवलेल्या टबातले पाणी रात्रीतून गार पडते. अशा वेळी कासव सुस्त होते आणि आवडीचे खाणेही टाकून देते. त्याला भाजी शिकवायला बसण्याआधी सकाळी थोडे ऊन मिळाले पाहिजे.

या मुलीच्या कासवाचे मात्र चौथेच कारण होते. ते आजारी होते.

डॉक्टरांनी त्याच्या पापण्या पाहिल्या आणि विचारले, "याला काय काय देता?" मुलीची आई म्हणाली, "सुकट. दुसरं काही खातच नाही." किती दिवस? "आणल्यापासून. सात-आठ महिने झाले असतील." डॉक्टर म्हणाले, अ जीवनसत्त्व कमी पडले आहे.

हाच तो माझ्या वर्गातला धडा. अ जीवनसत्त्व डोळ्यांची, नाकाची, श्वासनळीची आतली ओलसर कातडी धड ठेवते. ते कमी पडले की ही कातडी कोरडी, जाड होते. कासवाच्या डोळ्यांभोवती पाणी तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांची तोंडे या जाड कातडीने बुजतात, ग्रंथी फुगतात आणि पापण्या सुजून मिटतात. पिल्लू अंड्यातून बाहेर येताना यकृतात थोडा साठा घेऊन येते. तो काही महिने पुरतो. म्हणून सुरुवातीला सगळे ठीक वाटते आणि नुसत्या सुकटीवर वाढलेले कासव पुढे अचानक आंधळ्यासारखे होते. कासव खाणे मुख्यतः डोळ्यांनी बघून पकडते. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून जीवनसत्त्व आणखी कमी पडते. आपण बाहेरून म्हणतो, "नखरे करतंय, भाजी टाकली की तोंड फिरवतंय."

त्या घरात तर डोळे आले असे समजून आईने घरातले उरलेले ड्रॉप त्याच्या डोळ्यांत घातले होते. ती एकटीच असे करते असे नाही. पण ही कमतरता माणसांच्या ड्रॉपने भरून निघत नाही. आणि दुसरी चूक याहून मोठी. अ जीवनसत्त्व कमी आहे म्हटल्यावर काही जण मेडिकलमधून माणसांची कॅप्सूल आणून फोडून पाजतात. असे कधीही करू नका. हे जीवनसत्त्व अंगात साठते, जास्त झाले तर विषासारखे काम करते, आणि शंभर-दीडशे ग्रॅमच्या जिवाला आपल्या कॅप्सूलमधली मात्रा फार होते. इंजेक्शन द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे जनावरांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटीट रुग्णालय जनावरांसाठी आहे. इतर ठिकाणी जाण्याआधी फोन करून विचारून घ्या, कारण सगळेच डॉक्टर कासवे तपासत नाहीत. डोळे सुजलेले असतील, नाकातून बुडबुडे येत असतील, पाण्यात एका अंगावर कलून पोहत असेल किंवा पाठ दाबल्यावर मऊ लागत असेल, तर पाल्याचे प्रयोग बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

इथेच एक आपल्या लेकरांचे विचारते. अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून अ जीवनसत्त्वाचा जो गोड डोस मिळतो, तो तुमच्या बाळाला सगळा मिळाला आहे का? पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर, दुसरा दीड वर्षाच्या सुमारास, आणि मग पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक. असे एकूण नऊ. कार्ड काढून खुणा मोजा. कासवाचे डोळे मिटलेले पाहून घर हलते, पण संध्याकाळी अडखळणाऱ्या पोराला आपण धांदरट म्हणतो.

दोन आठवड्यांत कासवाचे डोळे उघडले. मग भाजीची लढाई सुरू झाली.

कोणता पाला द्यायचा, हे डॉक्टरांनी सांगितले आणि बाजारभाव पाहून आम्ही त्यातून निवडले. सगळ्यांत चांगला शेवग्याचा पाला. वस्तीत कुठे ना कुठे झाड असतेच. मुळ्याचा पाला तर भाजीवाला गिऱ्हाइकासमोरच तोडून टाकतो, मागितला तर फुकट देतो. मोहरीचा पाला, थोडी कोथिंबीर, जास्वंदीची पाने आणि फुले चालतात. अ जीवनसत्त्वासाठी गाजर, लाल भोपळा आणि रताळे. बाजारातला पाला दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि थोडा वेळ पाण्यात भिजत ठेवा, फवारणीचे औषध त्यावर असू शकते. नाल्यातली जलपर्णी फुकट मिळते म्हणून आणू नका. स्वच्छ पाण्यातली असती तर कासवाने आनंदाने खाल्ली असती, पण आपल्या नाल्यात काय काय वाहते ते आपल्यालाच माहीत आहे.

पालक आपल्याला चांगला म्हणून लोक कासवालाही रोज घालतात. त्यात ऑक्झलेट जास्त असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते आणि कासवाच्या हाडांना व पाठीला ते मिळत नाही. कधीतरी एखादे पान गेले तर बिघडत नाही, रोज नको. काकडीत बहुतेक पाणीच. कोबी कधीमधी. भात, पोळी, पाव, दूध, फरसाण अजिबात नाही. त्या घरातल्या आजी मायेने भाताची शिते टाकायच्या. त्यांना समजवायला मला कासवाच्या डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ लागला.

आता खायला कसे लावायचे. आमच्या हातून पहिला आठवडा वाया गेला. शेवग्याची पाने सुकट भिजवलेल्या पाण्यात बुडवून टाकली. वासाने कासव धावत आले, तोंडात घेतले आणि थुंकून दिले. बारीक सुकट पानांत मिसळली, तर पठ्ठ्याने सुकट तेवढी वेचून खाल्ली. मुलगी रडकुंडीला आली.

फरक पडला तो चायना ग्रासने. किराणा दुकानात मिळते ते, ज्याचा खरवसासारखा थापा होतो. गाजर आणि लाल भोपळा वाफवून कुस्करायचा. शेवग्याचा पाला अगदी बारीक चिरायचा. त्यात काटे काढलेल्या उकडलेल्या माशाचा किंवा कासवाच्या गोळ्यांचा चुरा घालायचा. एक कप पाण्यात चमचाभर चायना ग्रासची पूड उकळून विरघळवायची, कोमट झाली की यात ओतून ताटलीत थापायची. घट्ट झाल्यावर तुकडे कापायचे. मीठ नाही, मसाला नाही, तेल नाही. यात मासा आणि भाजी एकमेकांत अशी बसते की कासवाला निवडून काढता येत नाही. पहिल्यांदा अर्धा मासा, अर्धी भाजी. दर आठवड्याला मासा थोडा कमी, भाजी थोडी जास्त. फ्रीज असेल तर तुकडे तीन-चार दिवस राहतात. नसेल तर एका दिवसापुरतेच करा आणि उरलेले फेकून द्या.

बाकी काही साध्या गोष्टी. भाजी सकाळी, ऊन मिळाल्यावर आणि पोट रिकामे असताना द्या. आवडीचे खाणे नंतर. सकाळी सुकट आणि दुपारी पाला दिला तर पाला तसाच राहणार. खाणे नेहमी पाण्यातच टाका, कारण स्लायडरला कोरड्यावर गिळता येत नाही. भाजी समोर ठेवली आणि तो खात नाही अशी तक्रार करणाऱ्या एका घरी मी पाहिले, तर पाला फरशीवर ठेवला होता! पान हलले की त्याचे लक्ष जाते, म्हणून चिमट्यात धरून पाण्यात हळूच फिरवा. लाल-पिवळा रंग त्याला लवकर दिसतो. आमच्या कासवाने स्वतःहून तोंड लावलेली पहिली भाजी म्हणजे किसलेले गाजर, आणि दुसरी जास्वंदीची पाकळी. दोन-तीन तासांत खाल्ले नाही तर काढून टाका, पाणी नासते.

उपाशी किती ठेवायचे? अंगाने धडधाकट, वीतभर मोठ्या कासवाला दोन-चार दिवस फक्त पालाच दाखवला तर त्याचे काही बिघडत नाही. तो एक दिवसाआड खाणाराच असतो. पण पिल्लाला असे उपाशी ठेवून वळण लावू नका. त्याला रोज खाणे द्या आणि भाजी त्यातच मिसळत राहा. आजारातून उठलेल्यालाही तेच.

सुकट अगदी बंद करायची गरज नाही. आठवड्यातून एकदा चार तुकडे, खाऊ म्हणून. रोजच्यासाठी दुकानातल्या चांगल्या गोळ्या बऱ्या, त्यात जीवनसत्त्वे घातलेली असतात. गोळ्या किती, तर कासवाच्या डोक्याएवढ्या आकारात मावतील तेवढ्या. पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा टाकून ठेवा. पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्याकडे तो मिळतो, कासव त्याला कुरतडते आणि कॅल्शियम मिळते. हे कॅल्शियम अंगी लागायला ऊन हवे, आणि तेही थेट. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही. सकाळी अर्धा तास टब बाहेर ठेवा, त्यात चढून बसायला विटेचा तुकडा ठेवा आणि टबाच्या अर्ध्या भागावर सावली राहू द्या. छोट्या टबातले पाणी उन्हात फार लवकर तापते आणि कासव भाजून मरते. शिवाय मांजर, कावळा, घूस. कोणीतरी शेजारी बसलेले हवे.

आता ज्यासाठी हा लेख आरोग्याच्या पानावर आहे, ते.

पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा टब मोरीत होता. त्याच मोरीत भांडी घासली जात होती. त्या मुलीचा दोन वर्षांचा भाऊ टबाच्या कडेला उभा राहून पाण्यात हात मारत होता आणि तेच ओले बोट तोंडात घालत होता. मी कासव सोडून आधी त्या पोराला उचलले.

कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासवाला त्यांचा त्रास होत नाही, ते अगदी टवटवीत दिसते. पण ते जंतू विष्ठेतून पाण्यात, टबाला, पाठीला लागतात आणि तिथून लेकराच्या तोंडात जातात. मग ताप, पोटात कळा, जुलाब, कधी शौचातून रक्त. अमेरिकेत अशी इतकी मुले आजारी पडली, की 1975 मध्ये तिथल्या सरकारने चार इंचांपेक्षा लहान कासवे विकायलाच बंदी घातली. लहान कासव लहान मूल तोंडात घालते, म्हणून. आपल्याकडे तीच दोन इंची पिल्ले खेळण्यासारखी हातात दिली जातात.

दहा बाय दहाच्या खोलीत वेगळी जागा कुठून आणायची, हे मला कळते. मीही अशाच खोलीत वाढले. तरी एवढे जमते. टब मोरीत आणि ओट्यावर नको. दाराबाहेर किंवा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, रांगत्या मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. टबाचे पाणी मोरीत न ओतता संडासात ओतायचे. टब घासायची घासणी, मग आणि पाण्याचा डबा वेगळा, त्यावर रंगाची खूण करा. कासवाचा पाला चिरायची सुरी चालेल, पण कासवाच्या पाण्याला लागलेले काहीही जेवणाच्या भांड्यांत यायला नको. कासवाला हात लावला की साबणाने वीस सेकंद हात. कासवाचा पापा घेऊन फोटो काढणे बंद. पाच वर्षांखालची मुले, गरोदर बाई, म्हातारी माणसे, कॅन्सर, किडनी किंवा एचआयव्हीचे औषध चालू असलेली माणसे यांनी कासवाला हातच लावू नये. घरात तान्हे बाळ असेल, तर मी स्पष्ट सांगते, कासव आणू नका.

लेकराला जुलाब लागले तर ओआरएस लगेच सुरू करा आणि झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण द्या. शौचात रक्त, जोराचा ताप, डोळे खोल गेलेले, लघवी कमी किंवा पाणी पोटात न टिकणे, यांपैकी काहीही दिसले तर दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना घरात कासव आहे हे आवर्जून सांगा. आपण ते सांगत नाही, आणि डॉक्टरांना विचारायचे सुचत नाही.

मधल्या काळात त्या मुलीचे वडील वैतागून म्हणाले होते, "जाऊ द्या ताई, तळ्यात सोडून देतो. त्याचं ते बघेल." बरेच जण असेच करतात आणि त्याला दया म्हणतात. पण हे कासव परदेशी आहे. ते आपल्या तळ्यातल्या देशी कासवांचे खाणे आणि ऊन खायची जागा बळकावते. जगात सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्या शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. त्याला सोडू नका. सांभाळणे अशक्यच झाले, तर प्राण्यांच्या दवाखान्यात किंवा 1926 वर विचारा. आणि आणण्याआधी हेही लक्षात घ्या, की ते दोन इंची पिल्लू पुढे फूटभरापर्यंत वाढू शकते आणि वीस-तीस वर्षे जगते. पाचवीतल्या मुलीला मुले होतील, तरी ते टबात असेल.

वडिलांनी शेवटी दाराबाहेर लाकडी फळी ठोकून दिली, टब आता तिच्यावर असतो. भाऊ खालून बघतो, हात पोहोचत नाही. परवा मी गेले तेव्हा मुलगी शाळेत होती. आजी चिमट्यात मुळ्याचे पान धरून पाण्यात फिरवत बसल्या होत्या आणि कासवाला म्हणत होत्या, "खा रे बाबा, फुकटचं हाय, खा."